निळ्या पाटीच्या शंभर मीटरांत

(बी. ए. द्वितीय वर्ष, इतिहास)

आपल्या जिल्ह्यातून एस.टी.ने हिंडणाऱ्याला कुठे ना कुठे काळ्या दगडाचे एखादे जुने देऊळ दिसते, त्याच्याभोवती लोखंडी कुंपण दिसते आणि कुंपणाशी उभी असलेली एक निळी पाटी दिसते. ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची आहे, तिची नासधूस करणारा शिक्षेस पात्र ठरेल, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. ही पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. वाचलेली फार थोड्यांनी. मी ती नीट वाचली, आणि तिच्यामागचा कायदाही वाचला, कारण तो वाचण्याची पाळी आमच्या नात्यातल्या एका घरावर आली. त्या वाचनातून जे विचार मनात आले ते माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. सरकारने जुन्या वास्तूंचे रक्षण करू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. रक्षण झालेच पाहिजे. परंतु ज्या गावाच्या कुशीत ही वास्तू शेकडो वर्षे उभी आहे, त्या गावालाच बाजूला सारून जे रक्षण केले जाते, ते ना धड वास्तूच्या उपयोगी पडते, ना गावाच्या. आज आपल्याकडे नेमके हेच चालले आहे असे मला वाटते.

मी देऊळघाटची. पैनगंगेच्या काठचे हे आमचे गाव. गावाच्या नावात देऊळ आहे आणि घाटही आहे. वडील गवंडीकाम करतात, आई मजुरीला जाते. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. शाळेत ताजमहाल, कुतुबमिनार, लाल किल्ला हे सारे आम्हाला पाठ होते. कुतुबमिनाराची उंची विचारली असती तर आम्ही ती एका दमात सांगितली असती. पण आपल्याच जिल्ह्यात राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून काही आहे, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. दहावीपर्यंत ते माझ्या कानावरून गेले नाही.

वास्तविक पाहता आपला जिल्हा याबाबतीत दरिद्री नाही. लोणारचे नाव तर जगभर पोचले आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. १८२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि २०२० साली सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. सरोवराच्या काठावर आणि लोणार गावात जुन्या देवळांचा एक मोठा समूहच आहे. त्यातले दैत्यसूदनाचे देऊळ ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. भिंतीला इतके कोन पाडलेले आहेत की सूर्य सरकतो तशी दगडावरची सावली बदलत जाते. सिंदखेडराजा तर जिजाऊंचे जन्मस्थान. चिखली तालुक्यात सातगाव भुसारी आणि साकेगाव, मोताळा तालुक्यात कोथळी, या लहान गावांतून मध्ययुगीन देवळे आहेत. मोताळा तालुक्यातल्याच रोहिणखेडला १५८२ साली खुदावंतखान महदवी याने बांधलेली मशीद आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकात दोन मोठ्या लढाया या गावाच्या परिसरात झाल्या. साखरखेर्ड्याला १७२४ साली निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. दख्खनमध्ये निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली ती या लढाईनंतर. तेथील मशीदही संरक्षित आहे. मेहकरला पैनगंगेच्या काठी जुनी धर्मशाळा आहे. एकाच यादीत देऊळही आहे, मशीदही आहे आणि वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळाही आहे. ही यादी धर्म विचारीत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. आज तर तो विशेष आठवणीत ठेवावा असा आहे.

ही यादी आली कुठून? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते १८६१ साली स्थापन झाले. हेन्री कझिन्स या अधिकाऱ्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ साली प्रसिद्ध केली. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ चा प्राचीन स्मारके संरक्षण कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९५१ आणि १९५८ साली आपल्या संसदेने नवे कायदे केले. राज्याच्या अखत्यारीतील वास्तूंसाठी महाराष्ट्राने आपला निराळा कायदा केला. आज महाराष्ट्रात केंद्राने संरक्षित केलेली पावणेतीनशेहून अधिक आणि राज्याने संरक्षित केलेली साडेतीनशेहून अधिक स्मारके आहेत. शिवाय घटनेच्या ४९ व्या कलमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरविले आहे, आणि १९७६ साली घटनेत जी मूलभूत कर्तव्ये आली त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. म्हणजे जबाबदारी दोघांची आहे, शासनाची आणि नागरिकाची. ही जबाबदारी दोघांना मिळून पार पाडता येईल अशी व्यवस्था कुठे आहे, हा खरा प्रश्न आहे.

आता त्या निळ्या पाटीमागच्या नियमाकडे वळू. १६ जून १९९२ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढून संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित म्हणून जाहीर केले. २०१० साली कायद्यातच दुरुस्ती होऊन हा नियम अधिक कडक झाला. पहिल्या १०० मीटरांत नवे बांधकाम होणार नाही, म्हणजे नाहीच. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण परवानगी काढून. आणि ती मागायची तर घर १९९२ च्या त्या तारखेपूर्वीचे तरी असले पाहिजे, नाहीतर नंतर रीतसर मंजुरी घेऊन बांधलेले असले पाहिजे. जुने पाडून त्याच जागी तेवढेच नवे उभारणे याला कायदा पुनर्बांधणी म्हणतो, आणि ती दुरुस्तीत धरीत नाही. शिक्षाही वाढली. १९५८ च्या मूळ कायद्यात तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होता. आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शंभर मीटर हा शब्द ऐकायला लहान वाटतो. मी वहीवर हिशेब मांडून पाहिला. एखादे देऊळ केंद्रबिंदू धरून १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे पावणेआठ एकर जमीन येते. ३०० मीटरचे काढले तर जवळजवळ सत्तर एकर. प्रत्यक्षात मोजणी स्मारकाच्या हद्दीपासून होते, म्हणजे क्षेत्र याहूनही थोडे अधिकच भरेल. आग्रा किंवा दिल्लीसारख्या शहरात सत्तर एकर म्हणजे एखादा कोपरा. आपल्याकडच्या लहान खेड्यात सत्तर एकरांत अख्खे गावठाण बसते. शाळा, चावडी, दवाखाना, पाण्याची टाकी सारे आत येते. आणि गावातले जुने देऊळ बहुधा गावठाणाच्या मधोमध असते, कारण गाव त्याच्याभोवतीच वसलेले असते. म्हणजे जो नियम मोठ्या शहरातील इमारतींच्या अतिक्रमणाला आवर घालण्यासाठी योग्य आहे, तोच नियम जसाच्या तसा दोनशे उंबऱ्यांच्या गावाला लावलेला आहे.

माझे मामा अशाच एका गावात राहतात. चिखली तालुक्यातले गाव आहे. नाव सांगत नाही. त्यांचे मातीच्या भिंतींचे, टिनपत्र्याचे घर संरक्षित देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मागची भिंत बसली. त्याच्या पुढच्याच वर्षी घरकुलाच्या यादीत त्यांचे नाव आले. घरात किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. नंतर एका कार्यालयातून कळले की जागा शंभर मीटरांच्या आत आहे, तेव्हा घरकूल तिथे बांधता येणार नाही. दुसरी जागा असेल तर दाखवा. दुसरी जागा असती तर मामा मातीच्या घरात कशाला राहिले असते? मग दुरुस्तीची परवानगी काढावी म्हटले, तर घर जुने असल्याचा पुरावा हवा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठ-अला आजोबांचे नाव आहे, पण त्यावरचे वर्ष आणि मोजमाप आजच्या घराशी जुळत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, तोही इंग्रजीतून. तो मी भरून दिला. उत्तराची वाट पाहता पाहता दोन पावसाळे मागच्या भिंतीला ताडपत्री बांधून काढले. आजी म्हातारी आहे, ती ताडपत्रीच्या बाजूलाच निजते.

एकदा मामा मला म्हणाले, "देवाले वाचवा ना बाई, आमी काय नाही म्हनतो? पन मंग आमाले कोन वाचवन?"

मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मात्र एक गोष्ट लक्षात आली. मामांच्या मनात त्या देवळाविषयी पूर्वी जो जिव्हाळा होता तो आता उरलेला नाही. याच देवळाच्या ओट्यावर ते लहानपणी अभ्यास करीत, लग्नानंतर पहिला नारळ त्यांनी इथेच फोडला. आज त्यांना ते देऊळ म्हणजे एक अडचण वाटते. जो माणूस रोज उठून त्या दगडांकडे पाहतो, त्याच्याच मनातून देऊळ उतरले, तर त्याचे रक्षण खरोखर झाले असे आपण म्हणू शकतो काय?

कुणी म्हणेल, निदान देवळाचे रक्षण तर होते! तेही पाहू. २०१३ साली महालेखापरीक्षकांनी देशभर पाहणी केली तेव्हा ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडली नाहीत. त्यातली काही नंतर शोधून काढण्यात आली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे जी माहिती आली तीनुसार देशातील ३,६९३ केंद्रसंरक्षित स्मारकांपैकी ५० बेपत्ता होती. १४ शहरवाढीने गिळली होती, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली होती आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नव्हता. त्याच अहवालात असेही आहे की ७,००० पहारेकऱ्यांची गरज असताना २४८ ठिकाणी मिळून २,५७८ च माणसे नेमता आली, कारण पैसा नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली. ३,६९३ पैकी २४८ याचा अर्थ पंधरा ठिकाणांमागे एका ठिकाणी पहारा. तो कुठे असणार हे सांगायला नको. मामांच्या घराच्या भिंतीवर कायद्याची नजर आहे. देवळाच्या गळणाऱ्या छतावर मात्र ती क्वचितच पडते. नियम मोडणाऱ्याला शोधायला कागद पुरतो, दगड सांभाळायला माणूस लागतो.

असो. सारा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणेही बरोबर नाही. आपल्या गावांनीही या वास्तूंवर थोडा अन्याय केलेला नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांबांना ऑइल पेंट फासणे, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसविणे, जुन्या शिखराच्या जागी सिमेंटचे शिखर चढविणे हे प्रकार आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. वीरगळ आणि सतीशिळा धुणे धुवायला वापरल्या जातात. गुप्तधनाच्या नादाने रात्री-अपरात्री जुन्या जागी खोदकाम करणारे महाभागही आहेत. माझे वडील गवंडी असल्यामुळे त्यांना मी एकदा विचारले की जुन्या देवळाला सिमेंट लावले तर काय बिघडते? ते म्हणाले, "ज्यांना हेमाडपंती म्हणतात त्यात चुना नाही, गारा नाही, दगडात दगड बसवलेला आहे, वजनावर वजन तोललेले आहे. त्यात सिमेंट भरले की पाणी आत कोंडते आणि दगडच फुटतो." शिक्षण चौथीपर्यंत झालेल्या माणसाला हे कळते. फक्त त्याला कुणी विचारीत नाही. (हेमाडपंत म्हणजे यादवांचा मंत्री हेमाद्री हा तेराव्या शतकातला; त्याच्या आधीची देवळेही आपण त्याच्याच नावावर घालतो, ही गोष्ट वेगळी.)

गावाला वास्तूविषयी खरोखर काही वाटत नाही काय? इतिहास तसे सांगत नाही. मेहकरला १८८८ साली जमीन खणताना शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती सापडली. ती इंग्रज सरकार विलायतेला नेईल या भीतीने गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे मेहकरात आजही सांगतात. ज्यांच्या हाती ना सत्ता होती ना कायदा, त्या लोकांनी मूर्ती आपल्या गावात राखली. आणि अलीकडचे उदाहरण घ्या. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला जुन्या देवळाचे अवशेष लागले आणि खणताना सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली, १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच. ती बातमी वाचून आमच्या देऊळघाटातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ज्यांनी जन्मात वस्तुसंग्रहालय पाहिले नाही तेही विचारीत होते, मूर्ती कोणत्या काळातली, आता ठेवणार कुठे? लोकांना आस्था आहे. त्या आस्थेला काम दिलेले नाही, एवढेच.

इतर देशांत काय करतात याचीही थोडी माहिती मी ग्रंथालयात बसून काढली. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्यापासून ऐतिहासिक इमारतींची नोंद होते. अशा नोंद झालेल्या असंख्य घरांतून आज कुटुंबे राहतात. घराचे रूप बिघडवायला मनाई आहे, पण घरात राहायला, ते सुधारायला मनाई नाही. काय चालेल आणि काय नाही हे स्थानिक अधिकाऱ्याशी बोलून ठरते. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिथे खेड्यापाड्यांतली जुनी शाळा, धान्याचे कोठार, लहानसा पूल यांचीही नोंद होते. आणि उत्पन्न देणारी जुनी इमारत रीतसर दुरुस्त करणाऱ्याला खर्चाच्या २० टक्के करसवलत मिळते. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे खरे. पण वास्तूशेजारी राहणाऱ्याला गुन्हेगार न मानता सोबती मानावे, या विचाराला काही पैसा लागत नाही.

या विषयावर मी आमच्या इतिहासाच्या सरांशी बोलले. त्यांनी रास्त शंका काढली. ते म्हणाले, शंभर मीटरांचा नियम सैल केला तर तुझ्या मामांच्या आधी आत शिरतील ते प्लॉट पाडणारे आणि मंगल कार्यालये बांधणारे. गरिबाचे नाव पुढे करून धनिकांनीच आपला मतलब साधल्याची उदाहरणे आपल्याकडे काय कमी आहेत? सरांचे म्हणणे मला पटते. शहरवाढीने गिळलेली ती १४ स्मारके याच मार्गाने गेली असणार. म्हणून नियम उठवा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे की चार मजली इमारत आणि पडलेल्या भिंतीच्या जागी बांधायचे दोन खोल्यांचे घर यांत फरक करण्याची बुद्धी नियमात असावी. आणि गंमत अशी की २०१० च्या कायद्यात तिची सोय केलेली आहे! प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करावेत, त्या त्या ठिकाणची स्थिती पाहून उंची, रूप, बांधकामाचे साहित्य ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. असे उपविधी आजवर फार थोड्या स्मारकांचे झाले. आणि ते झाले तरी पहिल्या शंभर मीटरांतल्या जुन्या राहत्या घरांना पुनर्बांधणीची मुभा देण्यासाठी कायद्यात लहानशी दुरुस्ती लागेलच. ती जागेवर जुन्या मापाएवढी, एकमजली, विटा-मातीची किंवा दगडाची, आणि मालक स्वतः राहत असेल तरच, अशा अटींवर द्यावी. अशा अटींत मंगल कार्यालय बसत नाही, मामांचे घर बसते.

याखेरीज कायद्याला हात न लावताही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. पहिली गोष्ट म्हणजे हद्द प्रत्यक्ष दाखवावी. शंभर मीटर कुठे संपतात हे गावात कुणालाच ठाऊक नसते, म्हणून ज्याच्या ओळखी आहेत त्याचे घर बाहेर मोजले जाते आणि ज्याच्या नाहीत त्याचे आत. खुणेचे दगड रोवावेत आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावावा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी चालू आहे. त्याच नकाशावर ही रेघ ओढायला कितीसे कष्ट पडतील? दुसरी गोष्ट अशी की ज्याला घर बांधण्यास मनाई केली त्याला दुसरी जागा देणे ही मनाई करणाऱ्याचीच जबाबदारी असावी. भूमिहीनांना घरकुलासाठी जागा घ्यायला शासनाची योजना आहेच. संरक्षित क्षेत्रात अडकलेल्या कुटुंबांना तिच्यात पहिला क्रमांक द्यावा. तिसरी गोष्ट पहाऱ्याची. बाहेरून पहारेकरी आणायला पैसा नसेल, तर त्याच गावातल्या एखाद्या माणसाला वा बाईला थोड्या मानधनावर देखरेखीचे काम द्यावे. गवत काढणे, गळती लागली की कळविणे, येणाऱ्याला दोन शब्द सांगणे, एवढे केले तरी पुष्कळ. २०१८ साली लाल किल्ला दत्तक घ्यायला एक मोठा उद्योगसमूह पुढे आला. सातगावच्या देवळाला कोणता उद्योगसमूह दत्तक घेणार? त्याला सातगावनेच घेतले पाहिजे, आणि ते घेण्याची मुभा सातगावला असली पाहिजे.

आता आपल्याविषयी. मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला बाहेर विचारतात, बी. ए. करून काय करणार? या प्रश्नाने आपण खाली मान घालतो. मला वाटते, याला एक उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. जे संरक्षित आहे त्याची निदान यादी तरी आहे. जे कुठल्याच यादीत नाही त्याचे काय? शेताच्या बांधावरचे वीरगळ, पडक्या बारवा, गावकुसाचे उरलेले दगड, पारावर ठेवलेल्या भग्न मूर्ती यांची नोंद कुणाकडेच नाही. रस्ता रुंद झाला, शेततळे खणले, की त्यातले काही ना काही नाहीसे होते आणि ते होते हेही कुणाला कळत नाही. गेल्या काही वर्षांत राज्यभर तरुण मंडळींनी बारवा साफ करण्याची मोहीम चालविली आहे. महाशिवरात्रीला त्या बारवांतून दिवे लावतात. त्यांच्या पाठीशी कोणतेही खाते नव्हते.

आपल्या महाविद्यालयाच्या वर्गांत साठ-सत्तर गावांची मुले-मुली बसतात. प्रत्येकाने आपल्या गावातल्या जुन्या वस्तूंची एक वही केली; वस्तू काय, कुठे आहे, किती मोठी, लोक तिच्याविषयी काय सांगतात, एवढे लिहून मोबाइलवर फोटो काढून जोडला; तर दोन वर्षांत जिल्ह्याच्या मोठ्या भागाची अशी नोंद तयार होईल की कझिन्ससाहेबांच्या यादीत जे राहून गेले ते त्यात येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी होतेच. त्यात एक वर्ष रस्ता झाडण्याऐवजी हे काम घ्यावे, अशी माझी गुरुजनांना नम्र विनंती आहे. आणि ज्यांच्या गावात निळी पाटी आहे त्यांनी आणखी एक काम करावे. पाटीच्या आसपासच्या घरांत जाऊन कुणाचे काय अडले आहे ते लिहून काढावे, अर्ज भरून द्यावेत. कागद वाचता येणे ही आपल्या हातची मोठी शक्ती आहे. आपल्या आई-वडिलांजवळ ती नव्हती.

वऱ्हाडातल्या या देवळांचे आणि मशिदींचे दगड आपल्या पूर्वजांसारख्याच माणसांनी खाणीतून काढले, घडविले, खांद्यावरून वाहिले. बांधविणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते. पाथरवटाचे राहत नाही. त्या नाव नसलेल्या माणसांची नातवंडे-पणतवंडे आज त्याच दगडांच्या सावलीत पडक्या घरात राहत असतील, आणि त्यांना तिथे धड राहताही येत नसेल, तर आपण नेमके कुणाचे वैभव जपतो आहोत, याचा विचार कायदे करणाऱ्यांनी करावा आणि इतिहास शिकणाऱ्यांनीही करावा. मामांच्या अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही. यंदाचा पावसाळा तोंडावर आहे. तो यायच्या आत परवानगीचा कागद हाती पडला, तर माझे वडील मजुरी न घेता ती भिंत बांधून देणार आहेत, मातीत आणि दगडात, देवळाला शोभेल अशी.